तलावाच्या पायरीवरचा प्रत्येक थर घाण नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या तलावांच्या साफसफाईवर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या बरंच लिहिलं जात आहे. बहुतेक पत्रांची मागणी एकच असते: गाळ उपसा, पायऱ्या तारेच्या ब्रशनं घासून काढा, कडेचा हिरवा-करडा थर शिल्लक ठेवू नका, वरून ब्लीचिंग पावडर मारा. स्टेशनवरून कामाला जाताना मासुंदा तलावाचा काठ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या पिशव्या आणि निर्माल्य बघून माझाही जीव तुटतो. पण दगडावर जे जे चिकटलंय ते सगळं खरवडून फेकायचं, हे मला अजिबात पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते.

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक आहे. शिकवण्याचं काम बाईंचं आणि सरांचं. सूक्ष्मदर्शकं पुसणं, काचपट्ट्या धुणं, बरण्यांतलं फॉर्मालिन बदलणं आणि प्रॅक्टिकलच्या आधी तलावाचं पाणी आणून ठेवणं हे माझं. पाणी आणायचं म्हणजे वरचं निवळशंख पाणी बाटलीत भरून चालत नाही, त्यात मुलांना काही सापडत नाही. कुजायला लागलेलं पान, पाणवनस्पतीचं मूळ, दगडावरचा बुळबुळीत थर, तळाचा चमचाभर गाळ असं थोडं थोडं घ्यावं लागतं. लोक ज्याला घाण म्हणतात त्यातलंच बरंचसं आमच्या टेबलावर अभ्यासाला येतं.

गेल्या मे महिन्यात घोडबंदर रस्त्याच्या अंगाला असलेल्या एका तलावाचं पाणी बरंच खाली गेलं होतं आणि सफाई चालू होती. एक तरुण कामगार पायरीच्या खालच्या अंगाला चिकटलेला पिवळट करडा थर खुरप्यानं काढत होता. मी वाकून बघायला लागले तसा तो म्हणाला, “मावशी, हात लावू नका. वास मारतंय आणि खाजपण सुटते.” वास खरंच उग्र होता. मी त्याच्याकडून थोडे तुकडे मागून घेतले आणि तलावाच्याच पाण्यात बुडवून बरणीत ठेवले. उजेडात धरल्यावर दिसलं, की थरावर टाचणीच्या टोकाहून लहान अशी असंख्य भोकं आहेत आणि मधूनच एखादं मोठं. तो गोड्या पाण्यातला स्पंज होता, म्हणजे चक्क प्राणी. उग्र वास आणि अंगाला सुटणारी खाज ही दोन्ही त्याचीच लक्षणं.

खाज कशानं सुटते ते प्रयोगशाळेत लगेच दिसतं. स्पंजाचा चिमूटभर तुकडा काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर ब्लीचचे दोन थेंब टाकायचे. बुडबुडे येतात, मऊ भाग विरघळून जातो आणि शेवटी नुसत्या सुया उरतात. पारदर्शक, किंचित वाकलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. पाण्यात विरघळलेलं सिलिका शोषून स्पंजाच्या पेशींनी बनवलेल्या या काचेच्या सुया आहेत. त्या स्पाँजिन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्याच सांगाड्यावर स्पंजाचं सगळं अंग उभं राहतं. मी हे विभागातल्या मुलींना दाखवलं तेव्हा एकीनं विचारलं, “मग हा खातो कुठून?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. बरणीतला फॉर्मालिनमधला पांढराफटक नमुना बघून जर्नलमध्ये आकृती काढणाऱ्याला तो सहसा पडत नाही.

स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही. स्नायू आणि मज्जातंतूही नाहीत. लहान भोकांतून पाणी आत येतं, बारीक नळ्यांतून जाऊन इवल्या गोल कप्प्यांत पोचतं आणि मोठ्या भोकातून बाहेर पडतं. कप्प्यांच्या भिंतींत कॉलरपेशी असतात. अशा प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा केस असतो आणि त्याच्याभोवती अतिसूक्ष्म बोटांची कॉलर. केस सतत हलत राहतो, त्यानं पाणी ओढलं जातं, आणि पाण्यातले बॅक्टेरिया कॉलरीला अडकले की पेशी त्यांना गिळते. पचनही पेशीच्या आतच होतं. शिवाय स्पंजाच्या अंगात अमीबासारख्या फिरत्या पेशी असतात. त्या अन्न इकडून तिकडे नेतात आणि गरज पडेल तसं दुसऱ्या कुठल्या पेशीचं रूप घेतात.

एक तुकडा मी बशीत तलावाच्या पाण्यात ठेवला होता. तो स्थिरावल्यावर त्याच्याजवळ ड्रॉपरनं कार्मीन या रंगाच्या बारीक कणांचा लाल थेंब सोडला. लहान भोकांजवळचे लाल कण हळूहळू अंगाकडे सरकायला लागले, आणि मोठ्या भोकासमोर जे कण तरंगत होते ते मात्र जोरात लांब फेकले जात होते. डोळ्याला निर्जीव वाटणाऱ्या त्या थरातून पाण्याची धार चालू होती. स्पंज ही वनस्पती की प्राणी, असा वाद पूर्वी होता. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास हीच धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिथून स्पंज प्राण्यांमध्ये गणला जाऊ लागला. धारेचा जोर किती असतो याचं पुस्तकातलं उदाहरण समुद्रातल्या एका लहान स्पंजाचं आहे: उंची १० सेंटिमीटर, जाडी १ सेंटिमीटर, आणि दिवसाला गाळलेलं पाणी २२.५ लिटर. त्या बोटभर अंगात साडेबावीस लाखांच्या आसपास कप्पे असतात. गोड्या पाण्यातले स्पंज तर आत कचरा अडकला की सगळं अंग सावकाश आक्रसून तो बाहेर टाकतात. मज्जातंतू नसताना ही हालचाल कशी जुळून येते, यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी ठाणेकरांना माहीत असायला हवी. हेन्री जॉन कार्टर नावाचे ईस्ट इंडिया कंपनीचे एक शल्यवैद्य मुंबईत नेमणुकीला होते. मुंबई बेटावरच्या तळ्यांत सापडणाऱ्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर त्यांनी १८४९ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि त्यात नव्या जातींची वर्णनं दिली. पुढे १८६३ मध्ये एका जातीला त्यांचंच नाव मिळालं, आणि ती आजही भारतात ठिकठिकाणी सापडते. नेल्सन ॲनंडेल, जे पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक झाले, त्यांनी १९११ मध्ये भारतातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर ग्रंथ लिहिला, तोही कार्टर यांच्या कामावर पाय रोवूनच. मुंबईच्या तळ्यांतलं पाणी आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे काम सुरू झालं होतं.

ती तळी आता कुठे आहेत? धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही फक्त नावं उरली. शहर वाढलं तशी तळी बुजवली गेली. मलेरियाच्या भीतीनंही मुंबईतली कितीतरी तळी आणि विहिरी बुजल्या. मलेरिया होतो तो प्लाझमोडियम या एकपेशीय जीवामुळे, आणि तो डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवलं. त्या काळच्या लोकांना मी दोष देत नाही, घरोघरी माणसं तापानं मरत होती. पण कार्टर यांनी जिथून स्पंज गोळा केले त्या जागांवर आज रस्ते आणि मैदानं आहेत, आणि आपल्या ठाण्यात मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी असे तलाव अजून पाण्यानं भरलेले आहेत. त्यांची किंमत मला म्हणूनच फार मोठी वाटते.

स्पंजाइतकंच मोलाचं जे आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. एकपेशीय जीव दाखवण्यासाठी आम्ही दरवर्षी पेंढ्याचा काढा करतो. येऊरच्या पाड्यावरून आणलेला भाताचा पेंढा पाण्यात उकळायचा, गार करायचा आणि त्यात तलावाचं थोडं पाणी घालून झाकून ठेवायचं. आधी काढा दुधट, गढूळ होतो. ते बॅक्टेरिया. मग त्यांना खाणारे जीव वाढायला लागतात आणि काढा निवळायला लागतो. बरणी काळ्या कागदासमोर धरली की पांढरे ठिपके वरखाली पळताना दिसतात. तो पॅरामीशियम, साधारण पाव मिलिमीटर लांब.

काचपट्टीवर घेतला की तो एका जागी ठरत नाही. मग कापसाचे चार-दोन तंतू विंचरून थेंबात सोडायचे आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. तंतूंच्या जाळीत अडकला की तो नीट बघता येतो. सगळ्या अंगावर लवलवणारे केस. एका बाजूला खाच, तिच्यातून बॅक्टेरिया आत जातात. दोन टोकांकडे चांदणीसारख्या दोन पोकळ्या, आळीपाळीनं भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या. गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीत पाणी सारखं शिरत राहतं. ते बाहेर टाकलं नाही तर पेशी फुटेल, म्हणून हा पंप. आमच्या बाई यीस्टला काँगो रेड हा आम्लात निळा पडणारा रंग लावून पॅरामीशियमला खायला घालतात. आधी लाल गोळे आत जाताना दिसतात, आणि पोटपोकळीत आम्ल वाढलं की तेच गोळे निळे पडतात. एका पेशीच्या पोटात पचन चाललेलं डोळ्यांसमोर दिसतं. हे बघताना अख्खा वर्ग गप्प होतो, हे मी दरवर्षी पाहते.

अमीबा सापडायला कठीण, तो पानाच्या खालच्या बाजूला किंवा गाळात असतो. युग्लीना हिरवा, उजेडात स्वतःचं अन्न करतो. व्होर्टिसेला घंटेच्या आकाराचा, देठावर उभा असतो, आणि टेबलाला धक्का लागला की त्याचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. हा व्होर्टिसेला घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या सोसायट्यांमधल्या सांडपाणी प्रकल्पांतही असतो. हवा सोडलेल्या टाकीतल्या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर देठावरच्या या घंटा भरपूर दिसल्या, तर प्रकल्प नीट चाललाय असं समजतात. इंग्लंडमध्ये कर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये लहान प्रायोगिक प्रकल्प चालवून दाखवलं होतं, की असे केसाळ एकपेशीय जीव नसले तर बाहेर पडणारं पाणी गढूळ राहतं आणि ते सोडले की निवळतं. आमचा पेंढ्याचा काढा दुसरं काही सांगत नाही.

ब्लीचिंग पावडरबद्दल माझं म्हणणं यावरूनच आहे. ती मारली की बॅक्टेरिया मरतात, आणि त्यांना खाणारेही मरतात. मग नाल्यातून पुन्हा मैला आला की बॅक्टेरिया भराभर वाढतात. खाणाऱ्यांना वाढायला वेळ लागतो, कारण त्यांचं विभाजन बॅक्टेरियांपेक्षा सावकाश होतं. नळाच्या पाण्याला क्लोरीन हवाच, त्यावर वाद नाही. पण नळाच्या पाण्याचा नियम तलावाला लावून तलाव सुधारत नाही.

स्पंज आणि हे एकपेशीय जीव मी एकाच पत्रात घेतले त्याला कारण आहे. कोॲनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव पाण्यात राहतात. त्यांना स्पंजाच्या कॉलरपेशीसारखीच कॉलर असते आणि तिच्या मधोमध तसाच चाबकासारखा केस. हे साम्य हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६० च्या दशकातच नोंदवलं होतं. आता जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालंय, की सगळ्या प्राण्यांचे, म्हणजे माणसाचेसुद्धा, सर्वांत जवळचे एकपेशीय नातेवाईक हेच. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांची जनुकं या एकट्या राहणाऱ्या जीवांतही आहेत, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्यातल्या एका जातीच्या जनुकसंचावरून कळलं. आणि २०१२ मध्ये दिसून आलं, की त्यांच्यातली एक जात विशिष्ट बॅक्टेरियानं सोडलेल्या पदार्थामुळे फुलासारखी वसाहत करून राहायला लागते.

याची दुसरी बाजू स्पंजात दिसते. एच. व्ही. विल्सन यांनी अमेरिकेत १९०७ मध्ये समुद्रातला स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी तळाशी सरपटत एकमेकींना गाठत गेल्या, त्यांचे गोळे झाले, आणि त्या गोळ्यांतून पुन्हा चालते-बोलते म्हणावेत असे धडधाकट स्पंज तयार झाले. एकटी पेशी आणि पेशींचा समाज यांच्यामधला उंबरठा कसा असेल, हे इतकं उघड दाखवणारे प्राणी फार थोडे. असा प्राणी आपल्या तलावाच्या पायरीखाली असावा आणि आपण त्याला खुरप्यानं काढून डंपरमध्ये टाकावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाचकांची एक रास्त शंका असेल: हे जीव रोगही पसरवतात ना? हो. आमांश ज्या जीवांमुळे होतो त्यातला एक अमीबाच असतो. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले त्यात साचलेल्या कोमट गोड्या पाण्यातला अमीबा होता, आणि तो नाकातून शिरतो. म्हणून तलावात डुंबू नका, मुलांना पाण्याशी खेळताना नाकात पाणी जाऊ देऊ नका, हात धुवा. पण मूठभर जाती रोगकारक आहेत म्हणून हजारो निरुपद्रवी जातींवर विष ओतायचं, हा त्यावर उपाय नव्हे. शहरी मलेरियाचा डासही मुख्यतः गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. धाड घालायची तर तिथे घाला.

आणि एकटा स्पंज तलाव स्वच्छ करील असंही मी म्हणत नाही. उलट गाळानं त्याची भोकं बुजतात आणि तो गुदमरून मरतो. मैल्याचा नाला बंद झाल्याशिवाय स्पंजही टिकणार नाही आणि तलावही. नाला आधी. ते खर्चाचं आणि कष्टाचं काम आहे, पायऱ्या घासणं सोपं आहे, म्हणून पायऱ्या घासल्या जातात, असं मला वाटतं.

तेव्हा मागणी अशी आहे. गाळ काढा, प्लास्टिक काढा, पण तलाव एकाच वेळी सगळा कोरडा करू नका. अर्धा या वर्षी, अर्धा पुढच्या वर्षी केला तर उरलेल्या अर्ध्यातून जीव परत पसरतात. एका बाजूचे जुने दगड, पाणगवत आणि मुळं हात न लावता ठेवा. पायऱ्यांवर चालण्याच्या भागापुरतं शेवाळ जरूर घासा, माणसं घसरून पडतात. पण पाण्याखालच्या दगडांच्या पोटावर ब्रश चालवण्याचं काही कारण नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडा पडलेला स्पंज वाळून मरतो, मात्र मरण्याआधी अंगात खसखशीएवढे पिवळट-तपकिरी गोळे करून ठेवतो. त्यांना जेम्यूल म्हणतात. टणक आवरणाच्या आत जिवंत पेशी कोरड्या काळात टिकून राहतात, आणि पुन्हा पाणी मिळालं की बाहेर येऊन नवा स्पंज उभा करतात. सफाईत निघालेल्या एखाद्या दगडावर वाळलेला, हात लावताच भुगा होणारा थर आणि त्यात असे दाणे दिसले, तर तो दगड डंपरमध्ये टाकू नका. काठालाच सावलीत ठेवा आणि पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा तलावात सोडा. कामगारांना हे दाखवायला पाच मिनिटं पुरतात. त्या तरुणाला मी दाखवलं, तेव्हा उरलेल्या दोन पायऱ्या त्यानं आपणहून सोडून दिल्या.

ठाणे, कळवा, नवी मुंबई इथल्या विज्ञान महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहेत आणि प्रॅक्टिकलसाठी पाणी शोधत फिरणारे माझ्यासारखे कर्मचारीही. सफाईचं कंत्राट देताना, काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जवळच्या महाविद्यालयाला कळवायची एक अट त्यात घाला. नमुने आम्ही येऊन घेऊ, कुठल्या दगडांना हात लावायचा नाही ते खडूनं खूण करून देऊ, त्याचे पैसेही कुणी मागणार नाही. फक्त पंप लावायच्या आधी कळवा.

आपली,
एक प्रयोगशाळा साहाय्यक,
कळवा, ठाणे